सूर्याचा रोजचा अहवाल महाराष्ट्रात बसून कसा वाचायचा

सूर्यावर मोठी ज्वाला उठली की दोन दिवस बातम्यांचा पूर येतो. मोबाईल बंद पडणार, इंटरनेट जाणार, उपग्रह कोसळणार. मग आपल्याकडे काहीच होत नाही आणि लोक हा विषयच सोडून देतात. दुसरीकडे, मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी साडेआठ वाजता मोजणीचा रोव्हर (हातात धरायचा अचूक जीपीएस ग्राहक) घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काही केल्या ‘फिक्स’, म्हणजे पक्की जागा, मिळत नाही. तो अहवाल उघडून पाहतो तर तिथे सगळे ‘शांत’ असते, म्हणून तो यंत्राला दोष देतो.

दोन्ही गोंधळांचे मूळ एकच आहे. अहवाल साऱ्या जगासाठी लिहिलेला असतो, आणि आपण तो आपल्या घड्याळात आणि आपल्या अक्षांशावर न आणताच वाचतो. हॅम रेडिओवाले, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, ड्रोन आणि जीपीएस मोजणी करणारे आणि हौशी आकाशनिरीक्षक यांना हे वाचन रोज दहा-बारा मिनिटांत जमावे, यासाठी खालच्या पायऱ्या आहेत.

आधी जवळ काय हवे

- वैश्विक वेळ, म्हणजे यूटीसी, दाखवणारे एक घड्याळ. फोनवर दुसरे घड्याळ लावले तरी पुरते.
- अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अवकाश हवामान केंद्राचे (बोल्डर, कोलोरॅडो) पान. रोजचा मुख्य अहवाल, तीन दिवसांचा अंदाज आणि एक्स-किरणांचा आलेख तिथेच मिळतो.
- पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती हलले हे सांगणारे दोन आकडे: केपी निर्देशांकासाठी जर्मनीतील पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेचे पान आणि डीएसटीसाठी जपानच्या क्योटो केंद्राचे पान.
- सूर्याची ताजी चित्रे: एसडीओ आणि सोहो या यानांची.
- एक आडव्या रेघांची वही. अ‍ॅप नको. का, ते शेवटी येईल.

## १. आधी घड्याळ जुळवा

अहवालातली प्रत्येक वेळ यूटीसीमध्ये असते. तिच्यात ५ तास ३० मिनिटे मिळवली की आपली वेळ येते. हे सोपे वाटते, पण नवख्यांच्या निम्म्या चुका इथेच होतात, कारण मिळवणी करताना तारीखही बदलते. ‘१० मे, २२:५४’ म्हणजे आपल्याकडे ११ मेची पहाट, ४:२४.

मुख्य दैनिक अहवाल २२:०० यूटीसीला, म्हणजे आपल्या पहाटे साडेतीनला निघतो. त्यात आदल्या २१:०० ते २१:०० या चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर अडीच ते अडीच. तीन दिवसांचा अंदाज सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ वाजता नवा होतो. म्हणून सकाळी सातच्या सुमारास चहाबरोबर बसलात तर दोन्ही ताजे मिळतात.

केपीचे तीन-तीन तासांचे आठ रकाने असतात. पहिला रकाना आपल्याकडे सकाळी ५:३० ते ८:३० चा, शेवटचा दुसऱ्या दिवशीच्या पहाटे २:३० ते ५:३० चा. हे आठही रकाने आपल्या वेळेसकट वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एकदाच लिहून ठेवा.

## २. सूर्याकडून येणाऱ्या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू नका

पहिली गोष्ट प्रकाश, म्हणजेच ज्वालेचे एक्स-किरण. ते सव्वाआठ मिनिटांत पोचतात. ज्वाला झाल्याचे कळते तेव्हा तिचा परिणाम सुरूही झालेला असतो, त्यामुळे तिची पूर्वसूचना मिळत नाही. यासाठी ‘आर’ मोजपट्टी आहे.

दुसरी गोष्ट वेगवान प्रोटॉन. हे काही मिनिटांपासून काही तासांत येतात. यांची मोजपट्टी ‘एस’. ध्रुवांवरून जाणारी विमाने आणि उपग्रह चालवणाऱ्यांना याची चिंता असते. पुण्यात किंवा नागपुरात जमिनीवर असलेल्या माणसाला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सूर्याने फेकलेला चुंबकित वायूचा लोट, सीएमई. याला साधारण एक ते तीन दिवस लागतात, फार वेगवान असला तर पंधरा-अठरा तास. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धक्का देतो तो हा. मोजपट्टी ‘जी’.

तिन्ही मोजपट्ट्या १ ते ५ अशाच चालतात, म्हणून बातमीत ‘स्तर ३ चे सौर वादळ’ असे लिहिले असेल तर पहिला प्रश्न विचारा: कोणते ३? आर-३ म्हणजे तासाभराचा रेडिओ अडथळा, तोही पृथ्वीच्या फक्त उजेडाच्या बाजूला. जी-३ म्हणजे साऱ्या पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कित्येक तास हलणे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही.

आणखी एक सापळा शब्दांचा. ‘वॉच’ म्हणजे पुढच्या एक-दोन दिवसांत शक्यता आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे आता दाराशी आले. ‘अलर्ट’ म्हणजे मर्यादा प्रत्यक्ष ओलांडली. बातम्या बहुतेक वेळा वॉचवर लिहिल्या जातात आणि अलर्ट झाल्यासारख्या वाचल्या जातात.

## ३. सूर्याचा चेहरा: डाग आणि एफ१०.७

डागांचा आकडा ही डागांची साधी मोजदाद नाही. प्रत्येक गटाचे १० आणि प्रत्येक डागाचा १ धरतात. चार गट आणि त्यांत मिळून २३ डाग असतील तर आकडा ६३ येतो (त्याला पुढे निरीक्षकाचा गुणक लागतो). म्हणूनच दुर्बिणीतून तेवीसच डाग दिसले आणि अहवालात त्रेसष्ट लिहिले, तर तुमचे काही चुकलेले नाही.

गटांचे क्रमांक चार आकडी छापतात. ३६६४ म्हणजे खरे तर १३६६४. त्यापुढे चुंबकीय प्रकार असतो: अल्फा, बीटा, बीटा-गॅमा, बीटा-गॅमा-डेल्टा. नवशिक्याने फक्त ‘डेल्टा’ शोधावा. डेल्टा म्हणजे एकाच सावलीत विरुद्ध ध्रुव दाटीवाटीने बसलेले, आणि मोठ्या ज्वाला बहुधा तिथूनच निघतात. जागा ‘एस१८ डब्ल्यू३०’ अशी दिली असेल तर सूर्याच्या मध्यापासून दक्षिणेला १८ अंश आणि पश्चिमेला ३० अंश. डाग रोज सुमारे १३ अंश पश्चिमेकडे सरकतात, त्यामुळे पूर्व कडेवर आलेला गट आठवडाभराने आपल्या समोर असतो.

एफ१०.७ हा कॅनडातील पेंटिक्टन इथे २८०० मेगाहर्ट्झवर मोजलेला सूर्याचा रेडिओ गोंगाट आहे. ही मोजणी १९४७ पासून चालू आहे. सौरचक्राच्या तळाशी तो ७० च्या आसपास असतो, शिखरावर २०० च्या पुढे जातो. हॅमसाठी हा डागांपेक्षा जास्त कामाचा आकडा आहे, कारण वरच्या आयनांबराची (वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित भाग, जो लघुलहरी परत खाली वळवतो) घनता त्याच्याबरोबर चालते. तो १५० च्या पुढे स्थिर राहिला की दहा मीटर बँड दिवसा सहसा उघडा मिळतो. एका दिवसाच्या उडीवर मात्र विश्वास ठेवू नका. रोजचा प्रमाण आकडा २०:०० यूटीसीच्या मोजणीचा असतो, आणि त्याच वेळी ज्वाला चालू असेल तर तो उगाच फुगतो. पाच-सात दिवसांची सरासरी पाहा.

सूर्य स्वतः पाहायचा असेल तर दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, यांतले काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे नंतरच कळते.

## ४. ज्वाला किती मोठी, यापेक्षा ती किती वाजता झाली ते आधी पाहा

ज्वालांचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एम-५ म्हणजे एम-१ च्या पाचपट आणि एक्स-१ च्या निम्मी. एम-१ ला आर-१, एम-५ ला आर-२, एक्स-१ ला आर-३, एक्स-१० ला आर-४ लागतो. अहवालात ‘एम वर्ग ५५’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ त्या दिवशी निदान एक एम ज्वाला होण्याची शक्यता ५५ टक्के.

आता मे २०२४ मधल्या ३६६४ या गटाच्या दोन ज्वाला घ्या. पहिली १० मेची, एक्स-३.९, ०६:५४ यूटीसीला. आपल्याकडे दुपारचे १२:२४. पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला येतो, म्हणजे १० मेला त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर होता, माणसाची सावली पायापाशी गोळा झालेली. एक्स-किरणांनी दाट होऊन लघुलहरी गिळणाऱ्या, आयनांबराच्या सर्वांत खालच्या ‘डी’ थरावर ते सरळ उभे पडले. लघुलहरींच्या दृष्टीने आपल्यासाठी याहून वाईट वेळ नव्हती.

दुसरी १४ मेची, एक्स-८.७, दुपटीहून मोठी. वेळ १६:५१ यूटीसी, आपल्याकडे रात्रीचे १०:२१. सूर्य पृथ्वीच्या पलीकडे होता. त्या ज्वालेने आपल्या डोक्यावरचा डी थर हललाही नाही.

म्हणून वहीत ज्वाला लिहिताना वर्गाआधी भारतीय वेळ लिहा. सकाळी दहा ते दुपारी तीनमधली एम-५ सुद्धा आपल्यासाठी रात्रीच्या एक्स-८ पेक्षा महत्त्वाची.

दिवसा बँड अचानक मेला तर अँटेना उतरवण्याआधी एक्स-किरणांचा आलेख उघडा. ज्वालेच्या वेळी खालच्या वारंवारता आधी जातात आणि शेवटी परत येतात. ४० मीटर पूर्ण गप्प, १५ मीटरवर क्षीण आवाज (जास्त मीटर म्हणजे कमी वारंवारता), आणि अर्ध्या-पाऊण तासात वरून खाली एकेक बँड सुधारत येणे, ही ज्वालेची खूण. सगळे बँड एकसारखे मेले आणि स्थानिक व्हीएचएफही गेले, तर केबल किंवा कनेक्टर तपासा. मोबाईल आणि एफएम आयनांबरावर चालत नाहीत, त्यामुळे ज्वालेने ते बंद पडत नाहीत. रात्री कॉस्मिक किरण येणार, फोन दूर ठेवून झोपा, असा जो निरोप वर्षानुवर्षे फिरतो त्यात काहीही तथ्य नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा, ते खरोखर घाबरतात.

## ५. लोट आपल्याकडे येतोय का?

सोहोच्या कोरोनाग्राफमध्ये सूर्य झाकलेला असतो आणि भोवती पसरणारा लोट दिसतो. एका बाजूला गेला तर बहुधा आपल्याला चुकवतो. सूर्याभोवती सगळीकडून कडे उमटले तर तो आपल्या रेषेत आहे, पण समोरून येतोय की पलीकडे जातोय हे त्या चित्रावरून कळत नाही. त्याच वेळी सूर्याच्या आपल्या बाजूला ज्वाला किंवा तंतू (वायूची लांब दोरीसारखी रेघ) सुटलेला दिसतो का, ते एसडीओच्या चित्रांत पाहावे लागते.

पोचण्याच्या वेळेचा अंदाज सरासरी दहा तासांच्या आसपास चुकतो. अंदाजात ‘११ मेची दुपार’ लिहिले असेल तर १० मेच्या रात्रीपासून जागे राहण्याची तयारी ठेवा.

दुसरा स्रोत कोरोनल होल. एसडीओच्या १९३ अँगस्ट्रॉम चित्रात सूर्यावर काळा पडलेला भाग दिसतो, तिथून वेगवान सौरवारा सुटतो. तो भाग मधल्या रेषेवर आला की दोन-चार दिवसांनी वारा पोचतो. सूर्य आपल्या दृष्टीने सुमारे २७ दिवसांत एक फेरी करतो, म्हणून हा त्रास २७ दिवसांनी पुन्हा येऊ शकतो.

## ६. बीझेड: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

बाकी सगळे आकडे शक्यता सांगतात. वादळ होणार की नाही हे ठरवतो तो बीझेड, म्हणजे सौरवाऱ्याबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. तो उणे असेल, म्हणजे दक्षिणेकडे वळलेला असेल, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून दार उघडतो. अधिक असेल तर ताशी लाखो किलोमीटरने आलेला लोटही बराचसा बाजूने निघून जातो.

तो मोजणारी याने पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, एल-१ बिंदूजवळ आहेत, जसे अमेरिकेचे एसीई आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथल्या कक्षेत पोचलेले आपले आदित्य-एल१. त्याचा सूट हा दूरदर्शक पुण्याच्या आयुकात घडला. १५ लाखाला वाऱ्याच्या वेगाने भागा: वेग सेकंदाला ४०० किलोमीटर असेल तर तासाभराची सूचना मिळते, ८०० असेल तर जेमतेम अर्ध्या तासाची. याहून खात्रीची पूर्वसूचना आज कुणाकडेही नाही.

वाचायचे असे:

- वेग ३५० ते ४५० आणि बीझेड शून्याच्या आसपास वरखाली: नेहमीचा दिवस.
- वेग, घनता आणि एकूण क्षेत्र, तिन्ही एकाच मिनिटाला उडी मारून वर गेले: धक्कालाट आली. यंत्र बिघडले तर बहुधा एकच रेघ तुटते.
- बीझेड उणे १० नॅनोटेस्लांच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) खाली तीन तासांहून जास्त टिकला: तीव्र वादळाची तयारी.

‘टिकला’ हा शब्द महत्त्वाचा. नवखे लोक उणे १५ चा एक काटा पाहून सगळ्यांना फोन करतात. दहा मिनिटांच्या काट्याने फारसे काही होत नाही. आणि मोठ्या प्रोटॉन वर्षावात काही यानांची वेग-घनता मोजणारी उपकरणे भरकटतात, तेव्हा दुसऱ्या यानाचा आकडा ताडून पाहा.

१० मे २०२४ ला धक्का पृथ्वीवर पोचला तो १७:०५ यूटीसीच्या सुमारास, आपल्या रात्री १०:३५ ला. आधी वॉच जी-४ ची होती. बीझेड उणे ४० च्याही खाली गेला आणि पहाटे ४:२४ ला जी-५ ची मर्यादा ओलांडली, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. त्या रात्री लडाखमध्ये हानले इथून लाल अरोरा, म्हणजे एरवी ध्रुवांकडे दिसणारा आकाशातला प्रकाश, टिपला गेला.

## ७. केपी, ए आणि डीएसटी: कोणता कोणासाठी

केपी ० ते ९ असतो. ५ ला जी-१, ६ ला जी-२, ७ ला जी-३, ८ ला जी-४, ९ ला जी-५. ४.६७ दिसला तर तो ‘५ उणे’ आहे, म्हणजे जी-१ धरायचा. हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. बोल्डरचा आकडा तात्पुरता असतो, पॉट्सडॅमचा पक्का, त्यामुळे दोन पानांवर फरक दिसला तर वहीत पॉट्सडॅमचा ठेवा.

दिवसाच्या ‘ए’ वर, म्हणजे आठ रकान्यांच्या किमतींच्या सरासरीवर, एकट्यावर विसंबू नका. समजा सात रकान्यांत के (एकाच वेधशाळेचा केपीसारखा आकडा) २ आणि एका रकान्यात ७ आला. २ ची किंमत ७ आणि ७ ची १४०, म्हणून सरासरी येते सुमारे २४. दिवसावर शिक्का ‘सक्रिय’ एवढाच बसतो, पण त्या तीन तासांत जी-३ होऊन गेलेले असते.

केपीचे केंद्र एकही भारतात नाही. त्याची तेरा वेधशाळा मध्य आणि वरच्या अक्षांशांवर आहेत. आपल्यासाठी डीएसटी जास्त बोलका, कारण तो कमी अक्षांशांवरच्या चार वेधशाळांवरून काढतात. उणे ५० ला मध्यम वादळ, उणे १०० ला तीव्र. मे २०२४ मध्ये तो सुमारे उणे ४०० पर्यंत गेला होता.

याहून जवळचे म्हणजे अलिबाग. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ही वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याची मोजणी बिघडणार, म्हणून ती तिकडे हलवली. कुलाब्याच्याच नोंदीत २ सप्टेंबर १८५९ चे कॅरिंग्टन वादळ सापडते, सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण. आज जगभरचे अभ्यासक त्या कागदावर काम करतात. ही आपली मोठी ठेव आहे.

अलिबागच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाचा आलेख पाहताना एक चूक हमखास होते. अगदी शांत दिवशीही दुपारच्या आधी तो काही दहा नॅनोटेस्लांनी चढतो आणि मग उतरतो. तो रोजचा सौर फेरा आहे. वादळाची सुरुवात वेगळी दिसते: काही मिनिटांत सरळ उभी उडी, मग कित्येक तास चालणारी खोल घसरण, आणि सावरायला एक-दोन दिवस.

जी-१ ला किरकोळ म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच छोट्या वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी सुमारे ४० उपग्रह खाली आले.

## ८. अहवाल शांत, तरी संध्याकाळ बिघडलेली

मोजणी आणि ड्रोनवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. सूर्यास्तानंतर आयनांबराचा वरचा थर आणखी वर उचलला जातो आणि त्यात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे तयार होतात. उपग्रहाचा सिग्नल त्यांतून येताना लुकलुकतो. याला केपी मोठा असण्याची गरज नाही. केपी १ असतानाही हे होते, उलट काही मोठ्या वादळांत हे बुडबुडे दबतात.

वेळ: साधारण संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र. महिने: फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. वर्षे: एफ१०.७ चढा असतो ती.

शेतात हे असे दिसते: रोव्हर फिक्सवरून फ्लोटवर (अंदाजे जागेवर) जातो, दोन मिनिटांनी परत येतो, पुन्हा जातो. आकाश मोकळे, बेस (एका जागी ठेवलेला दुसरा ग्राहक) नीट, नेटवर्कही चालू. एखाद-दुसऱ्या उपग्रहाची सिग्नलपट्टी नाचत असेल आणि बाकीच्यांची स्थिर असेल, तर कारण वर आहे. तेव्हा:

- महत्त्वाचे बिंदू सूर्यास्ताआधी उरका.
- सगळे उपग्रहसमूह आणि मिळतील तेवढ्या वारंवारता चालू ठेवा.
- बेस आणि रोव्हर यांतले अंतर दहा किलोमीटरच्या आत ठेवा. दुपारी दोनच्या सुमारास आयनांबर सर्वांत दाट असते, तेव्हाही हेच कामी येते.
- संध्याकाळी घेतलेला प्रत्येक हद्दीचा बिंदू दुसऱ्या सकाळी पुन्हा घ्या. फिक्स दाखवत असतानाही तो चुकीचा बसलेला असू शकतो, आणि शेताच्या बांधावर अर्धा मीटर म्हणजे पुढची दहा वर्षे भांडण.

## ९. वही

एका ओळीत एक दिवस. रकाने: तारीख, एफ१०.७, डेल्टा गट आहे का, दिवसा झालेल्या ज्वाला भारतीय वेळेसह, बीझेड किती खाली आणि किती तास, सर्वांत मोठा केपी, डीएसटी, आणि शेवटी तुम्ही स्वतः काय अनुभवले: बँड, फिक्स, अलिबागचा आलेख.

एका पानावर बरोबर २७ ओळी आखा. मग कोरोनल होलमुळे आलेला त्रास पुढच्या पानावर त्याच ओळीच्या आसपास परत दिसेल. अ‍ॅपमध्ये हे असे समोरासमोर येत नाही. चौथ्या पानापासून सकाळी अहवाल उघडण्याआधी मागच्या पानावरची तीच ओळ वाचा, आज काय होईल ते पेन्सिलने लिहा, आणि संध्याकाळी ताडून पाहा.